दादाच्या बाजूची पागोळी

घड्याळजींनी फोनवर ओरडायला नको होतं. पण शेजारी काँक्रीटचा मिक्सर धडधडत होता आणि पलीकडे मिस्त्रीला काही केल्या ऐकू जात नव्हतं. थोरल्या भावाच्या घराला लागूनच त्यांचं नवं घर उभं राहत होतं. नगरपालिकेचा नियम कडक होता: नव्या बांधकामावर पडलेलं पावसाचं पाणी त्याच आवारात मुरलं पाहिजे, छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळीचा थेंबही शेजाऱ्याकडे जाता कामा नये. त्यासाठी शोषखड्डा खणायचा होता, आणि तपासनीस साहेब स्वतः छपरावर टँकर ओतून बघणार होते.

"अहो, पागोळी!" घड्याळजी बेंबीच्या देठापासून ओरडले. "दादाच्या बाजूची पागोळी आधी जिरवायची! कायमची!"

'बाजू' आणि 'पागोळी' दोन्ही मिक्सरने गिळली. भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींच्या कानावर पडलं ते एवढंच: "दादाची... आधी जिरवायची! कायमची!"

दोन्ही आवारांमधल्या भिंतीत जाण्यायेण्याची एक वाट होती, थेट आई असल्यापासूनची. रोज संध्याकाळी दादा तिच्यातून यायचा, नव्या भिंतींवर पाणी मारायचा आणि मिस्त्रीच्या चुका काढायचा. त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी बघतात तर वाट विटांनी बंद! बांधकाम वाकडंतिकडं, म्हणजे दादाच्याच हातचं.

"दादा, हे काय रे?"

"काही नाही," भिंतीमागून आवाज आला. "वारा फार लागतो हल्ली. तुझ्याकडचा."

घड्याळजींच्या डोक्यात तिडीक गेली. जळतोय माझ्या घरावर, त्यांनी ठरवूनच टाकलं. लोकांच्या घड्याळातला बिघाड डोळ्याला भिंग लावून शोधणारा हा माणूस, पण सख्ख्या भावाला 'तुझं काय बिघडलं' एवढं विचारायला गेला नाही. तेवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्यातून मिस्त्रीने तोंड उघडलं. "मालक, खड्डा लहान पडतोय. तो कट्टा काढा, म्हणजे मोठा करता येईल."

"कट्ट्याला हात लावायचा नाही!"

कट्टा दादासाठी होता. त्याचे गुडघे दुखायचे, म्हणून मुद्दाम उंच, पाठ टेकता येईल असा आणि दोघांना पुरेल असा बांधला होता. भाऊ बोलत नव्हता तरी कट्टा काढायचं घड्याळजींच्या जिवावर आलं.

साहेब आले. टँकर ओतला. खड्डा बघता बघता भरला, आणि पाणी उताराने निघालं ते थेट दादाच्या आवाराकडे. घड्याळजींनी डोळे मिटले. आता घराचा परवाना गेलाच! पण पाणी दादाच्या वाकड्या विटांवर आपटलं, तिथेच तुंबलं आणि सगळ्यांच्या देखत हळूहळू मुरलं.

"वा!" साहेब म्हणाले. "पण अर्जात लिहिलेली ही 'दादाच्या बाजूची पागोळी' कुठे जिरवली?"

भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग दादाचा आवाज आला. "काय? पागोळी? पागोळी जिरवायची होती?"

"मग काय, तुझी?"

मग पलीकडून वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी अर्धंच ऐकलं हो!" आणि रडायला लागल्या. दादा गल्लीला वळसा घालून, लंगडत, हातात पहार घेऊन आला. "सरक! आत्ता पाडतो ही!"

"खबरदार!" साहेबांनी हात आडवा घातला. "ह्या भिंतीमुळेच तर पाणी आवारात राहिलं. नकाशात घेतली मी ती. पाडलीत तर परवाना रद्द."

दादाने पहार खाली ठेवली. घड्याळजींनी त्याचा हात धरून त्याला कट्ट्यावर बसवलं. दोघंही त्या भिंतीकडे बघत राहिले.

घर पुरं झालं. दादाच्या गुडघ्यांना रोजचा वळसा झेपत नाही, त्यामुळे कट्टा बहुतेक रिकामाच असतो. संध्याकाळी दोघं आपापल्या बाजूने भिंतीला खुर्ची लावून बसतात आणि मोठ्याने बोलतात. आता एकही शब्द अर्धा राहू नये म्हणून दोघं जपतात.

"जेवलास का रे?" परवा दादाने विचारलं.

"जेवलो."

"जिरलं ना नीट?"

घड्याळजींनी विटांवर हात ठेवला.

"नाही रे दादा," ते म्हणाले. "अजून नाही जिरलं."