आधी जागा कोण धरतं

आमच्या शेजारचे मुनीर सर कुठल्याही वस्तूवर आधी नख फिरवतात, मग बोलतात. टेबल, ताट, नवी भिंत. एकदा न्हाव्याने दाढी केल्यावर स्वतःच्याच गालावर नख फिरवून म्हणाले, "फार गुळगुळीत. इथे काही टिकणार नाही."

सर नगरच्या एका कॉलेजात शिकवतात. शरीरात बसवायच्या धातूच्या सांध्यांचा पृष्ठभाग कसा असावा, हा त्यांचा विषय. तो ते एसटीवरून समजावतात. "गाडी लागली की पोरं खिडकीतून रुमाल टाकतात. ते जंतू. म्हातारी दारातून सावकाश चढते. ती हाडाची पेशी. आधी जागा कोण धरतं, त्यावर सगळं."

"मग भरपूर खरबरीत करा की, म्हातारीला धरायला," मी म्हटलं.

"खाचेत जंतूही लपतात, साहेब. खरबरीत हवं, पण इतकं बारीक की पेशीला धरता यावं आणि जंतूला बूड टेकता येऊ नये."

मिरजगावच्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आपांच्या, खुब्यात बसवलेला पहिला सांधा जंतूंनीच बळकावला. काढावा लागला. दुसऱ्या सांध्याच्या वेळी सरांनी डॉक्टरांना विचारलं, "पृष्ठभाग कसला?" "चांगल्या कंपनीचा आहे," डॉक्टर म्हणाले. सर खुर्चीवरून उठेनात. माणसाच्या अंगात काय ठोकणार, ते त्याला सांगायला नको? माहितीपत्रक आलं, सरांनी ते आपांना वाचून दाखवलं, मगच सही झाली.

"मला काय कळलं न्हाई," आपा म्हणाल्या, "पन इचारलंस ते बरं केलंस."

तेव्हापासून आपा सरांकडेच. एकट्या माणसाच्या त्या घरातून फोडणीचा वास आणि भांडण, दोन्ही येऊ लागलं. "भाकरी खातो कमी, खरवडतो लई," आपा मला सांगायच्या.

परवा तपासणीला मीच दोघांना नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाडाने सांधा घट्ट धरलाय. जंतूंचा मागमूस नाही. आपा, आता खुशाल गावी जा."

"माझ्या शेळ्या वाट बघत्यात," आपा खुलल्या.

सर एक्स-रे उजेडाकडे धरून उभेच. विद्यार्थ्याचा एक आकडा चुकला तर सगळा प्रयोग पुन्हा करायला लावणारा हा माणूस हळूच डॉक्टरांना म्हणाला, "अजून महिनाभर देखरेखीखाली ठेवा, असं लिहिता येईल का?"

"कशासाठी, सर? सगळं उत्तम आहे."

सरांनी एक्स-रेवर नख फिरवलं.

आपांना कमी ऐकू येतं, असा आमचा समज होता. त्या काठी टेकत उठल्या. "डागदरला कशाला खोटं लिवाया लावतो? ऱ्हा म्हन की तोंडानं."

सरांनी चष्मा पुसला. "राहा," ते म्हणाले.

"ईदपत्तूर," आपा म्हणाल्या आणि काठी माझ्या हातात देऊन पुढे चालू लागल्या.