नाकवालं लिंबू

जमाबंदीच्या मांडवाबाहेर वेळ्ळैच्चामी तेवर सकाळपासून रांगेत उभा होता. उन्हाने घशाला कोरड पडली तसं त्याने हातातलं लिंबू फोडून चोखलं, आणि साल फेकून दिल्यावर त्याला घाम फुटला. कलेक्टर दुरैंना, म्हणजे गोऱ्या साहेबांना, आधी लिंबू द्यायचं, दुरैंनी त्याला बोट लावून ताटात ठेवायचं आणि मगच अर्ज पुढे करायचा, ही रीत. रिकाम्या हाताने आत कुणी सोडत नसे. आणि आज अर्ज राहिला, तर पुलियंकुळमच्या तळ्याची फुटकी मोरी यंदाही फुटकीच राहणार आणि गावाच्या भाताचं पाणी ओढ्याला जाणार. गावचा मुन्सिफ, म्हणजे पाटील, म्हणून शिव्या खाणार वेळ्ळैच्चामीच.

दारावर कलेक्टरांचा दफेदार मासिलामणी मिशा पिळत बसला होता.

"काय मुन्सिफ, लिंबू कुठंय?"

"पोटात गेलं, अण्णा."

"अहो, दुरैंचं लिंबू खाल्लंत? धन्य आहे तुमची!" मासिलामणीने बाकाखालच्या टोपलीतून एक लिंबू काढलं. "एक आणा."

"एका आण्याला बाजारात टोपलीभर येतात की हो!"

"मग जा बाजारात. परत येईस्तोवर दुरै जेवायला उठतील."

वेळ्ळैच्चामीने आणा मोजला. लिंबाला एका अंगाला चांगलं नाकासारखं टोक होतं.

दुरै तरुण होते. तमिळ परीक्षेपुरतं शिकलेले, त्यामुळे बोलणं पुस्तकी. त्यांनी लिंबू हातात फिरवलं.

"हे फळ माझ्या परिचयाचे आहे. आज हे चौथ्यांदा येत आहे. कसे बरे?"

शेजारी उभे असलेले तहसीलदार शेषय्यर खोकले. वेळ्ळैच्चामीच्या डोळ्यांपुढे मोरी आली आणि तो बोलून गेला.

"दुरै, इथं पुढच्या दारानं आलेलं मागच्या दारानं जातं, अन् फिरून पुढच्याच दारानं येतं. माझ्या अर्जाचंही तेच. तहसीलदारांकडून तुमच्याकडं, तिथनं मद्रासला, मद्रासहून परत तहसीलदारांकडं. लिंबू निदान घटकेत परतलं. अर्जाला तीन वर्षं झाली."

दुरैंचे कान लाल झाले.

"ती मोरी दुरुस्त होईपर्यंत," ते म्हणाले, "एकही लिंबू या मेजावरून हलणार नाही."

वेळ्ळैच्चामी कपाळाला हात लावून बाहेर पडला. मागितली मोरी, आणि दुरै धरून बसले लिंबं!

पण आठवडा उलटायच्या आत तळ्याच्या बांधावर गवंडी आले, ओव्हरसियर आला, आणि सगळ्यांच्या मागे पागोटं सुटलेला मासिलामणी.

"चुना कालवा रे लवकर! तिकडं माझी लिंबं सडायला लागलीत!"

त्याने दोन दिवस बांध सोडला नाही. मोरी अशी बांधून घेतली की थेंब गळेना. गाव खूश झालं.

दुरैंचा मुक्काम हलायच्या आधी वेळ्ळैच्चामी आभार मानायला निघाला. घरच्या झाडाचं सगळ्यात रसरशीत लिंबू त्याने निवडून घेतलं. मांडवाच्या दाराशी तो थबकला. आत दुरै होते, बाकावर मासिलामणी. क्षणभर विचार करून त्याने दोन्ही हातांनी लिंबू मासिलामणीपुढे धरलं आणि वाकून नमस्कार केला.

मासिलामणीने गंभीर चेहऱ्याने त्याला बोट लावलं, टोपलीत ठेवलं आणि म्हणाला,

"हं. बोला, अर्ज काय आहे?"