ओपियसांचे नवे दार फत्ते जाहले त्याची हकीकत

प्रथम नमन जानसदेवास, जो दोन मुखांनी आत आणि बाहेर एकसमयी पाहतो, त्याच्यावाचून कोणतेही कार्य सुरू होत नाही, म्हणोन त्याचे नाव आधी. मग नमन फळीचा देव फोर्क्युलस, उंबऱ्याचा देव लिमेंतिनस आणि बिजागरीची देवी कार्देआ यांस. तिघे एकाच दारात नांदतात आणि एकमेकांच्या कामात हात घालीत नाहीत. आणि ज्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही असा कोणी देव असो की देवी असो, ज्या नावाने हाक मारलेली आवडेल त्या नावाने त्यासही नमन. नाव राहिले म्हणोन रोष न व्हावा. नाव राहिले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, तेच येथे लिहावयाचे आहे.

ऐसीयास, लिरिस नदीचे मुखाशी, दलदलीचे काठी, मिंतुर्ने नामे शहर. तेथे खारवल्या मासळीचे व्यापारी ओपियस यांचे घराणे. थोरले ओपियस पितरांत सामील जाहले, तेव्हापासोन मातुश्री हेल्विया बाईसाहेब दौलतीचा कारभार पाहात होत्या. दौलत म्हणजे खाऱ्या पाण्याचे हौद, एक गाढव, आणि चिरंजीव डेकिमस. बाईसाहेब शिस्तीच्या कडक, जबान तिखट. परंतु घरात दुसरे बाईमाणूस नाही, चिरंजीव दिवसभर बंदरावर, सायंकाळी दोन शब्द बोलावे तर गाढवाशी बोलावे, हे शल्य काळजात होते, आणि ते त्यांनी कोणासही सांगितले नव्हते.

मग चिरंजीवांची सोयरीक कौलांच्या भट्ट्यांचे मालक नुमीसियस यांची कन्या नुमीसिया इजशी ठरली. घराणे मातब्बर. साखरपुड्यास मुलीचे काका आले. त्यांनी ओपियसांचे जुने दार लोटले, तो फळी हातात आली. काकांनी ती फळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे दार आहे, की कोंबड्यांचं खुराडं?"

हा शब्द मातुश्रींच्या जिव्हारी लागला. तत्क्षणी त्यांनी मनात शपथ वाहिली की, लग्नाचे दिवशी याच काकांच्या तोंडून याच दाराची तारीफ ऐकीन. मग सुतारांस हुकूम सुटले, आणि डोंगरातून ओक आणविला, आणि असे दार उभे केले की त्यातून हत्ती गेला असता. परंतु हत्ती नसल्यामुळे त्यातून गाढव जाऊ लागले.

एप्रिलाचा अखेरचा दिवस लग्नास नेमिला होता. दुसरे दिवसापासोन मे लागतो. मे महिन्यात आमच्या मुलखात कोणी शहाणा लग्न करीत नाही, आणि जून अर्धा सरेपर्यंतही नाही. म्हणजे आज वधू घरात आली तर आली. त्यात शेजारच्या सिनुएसा शहरातील लोकरवाल्याचा मुलगा नुमीसियांच्या दारावरून वारंवार जातो, अशी बातमी जासुदांनी आणिली होती.

लग्नाचे प्रातःकाळी मातुश्रींनी मधाच्या तीन पोळ्या भाजिल्या. एक फळीच्या देवास वाहिली, नाव घेतले. एक उंबऱ्याच्या देवास वाहिली, नाव घेतले. तिसरी बिजागरीच्या देवीस वाहावी, इतक्यात मासळीची गाडी आली, आणि गाडीवानाशी वाद पडला, आणि परत येऊन पाहतात तो पोळी गाढवाच्या मुखी. मग पाहुण्यांची धांदल, आणि पोळीही राहिली आणि नावही राहिले. आणि नवे दार दिवसभर सताड उघडे राहून नदीचे धुके पीत होते.

सायंकाळी वधूच्या माहेरून वरात निघाली. रीतीप्रमाणे नवरदेव पुढे येऊन घरात शिरले. मग मातुश्रींनी फर्माविले की, दार लावून घ्यावे आणि वरात समोर उभी राहिली म्हणजे थाटात उघडावे, जेणेकरून काकांचे डोळे दिपावे. चिरंजीवांनी खांदा देऊन दार लाविले. ते लागले. मग बासरी वाजू लागली, आणि मशालीचा उजेड फटींतून आत आला, आणि मातुश्रींनी पदर सावरून इशारत केली, आणि चिरंजीवांनी दार ओढिले. ते हलले नाही.

मग चिरंजीवांनी दोन्ही हातांनी ओढिले. मग पाय भिंतीस लावून ओढिले. मग मातुश्रींनी चिरंजीवांस कमरेस धरून ओढिले. कडी हातात आली, दार जागचे जागी. येणेप्रमाणे ओपियस आपल्याच किल्ल्यात कोंडले गेले आणि नुमीसियांच्या फौजेने बाहेरून वेढा घातला; फरक इतकाच की, येथे वेढलेले आणि वेढणारे यांचा हेतू एकच होता.

बाहेर गलका उठला. वरातीत वात्रट गाणी म्हणण्याची रीतच आहे; तिला आज नवे खाद्य मिळाले. कोणी ओरडून विचारले, "काय नवरदेव, आजच दार उघडेना, पुढं कसं व्हायचं तुमचं?" दुसरा म्हणाला, "आईला हाक मारलीय त्यानं मदतीला. मी फटीतून पाहिलं." सारी गल्ली हसली. चिरंजीव संतापून कुऱ्हाड घेऊन आले. मातुश्रींनी कुऱ्हाड हिसकावून पाण्याच्या हौदात टाकिली आणि बजाविले की, लग्नाचे दिवशी जो आपल्या घरचे दार फोडील त्याचा संसार फुटेल. तरी वरच्या खिडकीत जावे आणि लोकांस अक्रोड उधळीत राहावे. एरवी अक्रोड घराबाहेरच्या लोकांस लग्नाचा आनंद म्हणोन देतात. परंतु त्या दिवशी फौज पांगू नये म्हणोन दिले. मारा असा बेभान चालला की, बासरीवाल्याच्या कपाळास टेंगूळ आले आणि तो थोडा वेळ वाजवावयाचा थांबला.

मागील दाराची मसलत निघाली. काकांनी ती तेथेच मोडिली. "मासळीचं पाणी जातं त्या दारानं आमची मुलगी आत जाणार नाही," ते म्हणाले, आणि अंगावरील टोग्याचा पदर डोईवर घेऊन जानसाची प्रार्थना आरंभिली. तेव्हा वधूच्या मावशी तुर्रानियाबाई, ज्यांच्या हाती वधूची सारी कार्ये सोपविलेली, पुढे सरसावल्या.

"जानसाला कशाला त्रास? हे बिजागरीचं दुखणं आहे. कार्देआला हाक मारा."

"आधी जानस. क्रम चुकला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

"तुमचा क्रम होईपर्यंत मुलगी म्हातारी होईल, भावजी."

येणेप्रमाणे वेढ्याच्या फौजेत फूट पडली. निम्मे काकांकडे, निम्मे मावशींकडे. इकडे मशाल, जी वधूच्या माहेरच्या चुलीवर पेटवून आणिली होती, ती उतरू लागली. ती दाराबाहेर विझली तर लग्न मोडले असे समजावे. काकांनी मशालीकडे पाहिले आणि मोठ्याने जाहीर केले की, ज्योत विझण्याआधी दार न उघडेल तर मुलगी परत नेऊ, आणि सिनुएसाची दारे चांगली उघडतात असे ऐकिवात आहे.

सिनुएसाचे नाव ऐकताच मातुश्री आत धावल्या. त्यांनी स्वयंपाकघरातून लोटाभर तेल आणून उंबऱ्यातल्या उखळीत ओतिले, जेथे दाराची खुंटी फिरते. दार हलले नाही. तेव्हा त्यांस सकाळची पोळी आठवली, आणि न घेतलेले नाव आठवले, आणि त्या तेथेच जमिनीवर बसल्या. इतक्यात दाराखालच्या फटीतून आवाज आला.

"आत कोण आहे?"

"मी. डेकिमसची आई."

"मी नुमीसिया. पाय दुखले म्हणून बसले पायरीवर. मावशी भांडतायत, त्यांचं लक्ष नाही."

"बैस, बाई. ओढणी मळवू नको."

"दाराला खालून चांगली फट आहे हो तुमच्या."

"सुताराला बजावलं होतं, फट नको म्हणून."

मग मातुश्री, ज्यांनी आपली चूक थोरल्या ओपियसांसही कधी सांगितली नव्हती, त्या दाराच्या फटीशी तोंड नेऊन हळूच बोलिल्या.

"पोरी, कुणाला सांगू नको. सकाळी कार्देआचं नाव घ्यायचं राहिलं. तिची पोळी गाढवानं खाल्ली."

"गाढवानं तरी नाव घेतलं का तिचं?"

"थट्टा करू नको. रुसलीय ती. लोटाभर तेल ओतलं, थेंबभर ऐकत नाही. या घरचं आता काही घ्यायची नाही ती."

"मग या घरचं देऊच नका. माझ्या परडीत चरबी आहे, चौकटीला लावायला आईनं दिलेली. मी आत आले नाही तोवर ती तुमच्या घरची नाही. मी माझ्या नावानं देते तिला."

"ती दार उघडल्यावर लावायची असते."

"दार उघडल्यावर तिची मनधरणी करून काय उपयोग?"

मातुश्रींनी विचार केला. आजवर त्यांनी पुष्कळ पुजारी ऐकिले होते, परंतु इतका साफ मुद्दा कोणी मांडिला नव्हता. त्यांनी रुकार दिला. मग वधूने वरातीत मिरवावयाची टकळी घेतली, आणि तिच्या टोकास चरबीचा गोळा लाविला, आणि तो फटीतून आत सरकविला. मातुश्रींनी तो बोटांवर घेऊन उखळीत भरिला. पुन्हा टकळी, पुन्हा गोळा. वरच्या खुंटीसाठी चिरंजीवांस खिडकीतून खाली बोलाविले आणि तिवईवर चढविले. बाहेर वधूने दारास हात लाविला आणि हळू आवाजात म्हटले, "कार्देआ, बिजागरीची बाई, मी नुमीसिया. या घरची अजून कुणी नाही. पहिली चरबी तुला. मला आत घे."

नेमके त्याच समयी काका प्रार्थनेच्या शेवटास आले होते आणि दोन्ही हात दारास टेकून सर्व भार त्यावर घालून उभे होते. नेमके त्याच समयी मावशींनी कार्देआची आवडती पांढऱ्या काट्याच्या झुडपाची डहाळी चौकटीस मारिली. आणि आतून चिरंजीवांनी तिवईवरून उडी टाकून फळीच्या कडेस बोटे घालून ओढिले. दार कण्हले, आणि उघडले, आणि काका जानसाचे नाव मुखी असता सरळ उंबऱ्यावर पालथे पडले.

वधूचे पाऊल उंबऱ्यास लागू नये ही रीत. चिरंजीवांनी तिला उचलिले आणि उंबरा आणि काका दोन्ही एका ढांगेत ओलांडिले. मशालीची ज्योत नखाएवढी उरली होती. ती घराच्या चुलीस लाविली आणि चूल पेटली. मग काकांस बसते केले. नाक सुजून वांग्यासारखे जाहले होते. त्यांनी दाराकडे पाहिले, नाकास हात लाविला, आणि नाइलाजाने बोलिले, "दार मात्र भक्कम आहे."

मातुश्रींनी हे दोनदा वदवून घेतले. पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही असे सांगितले.

पुढे जेवणावर तंटा पडला. काका म्हणत, जानसाने उघडले. मावशी म्हणत, कार्देआने. चिरंजीव म्हणत, मी ओढले. मातुश्रींनी तह केला की सर्वांस पोळी मिळेल, आणि काकांचा देव आधी, आणि मावशींची देवी गोड जास्त. यावर दोन्ही फौजा राजी होऊन आपापल्या घरी गेल्या.

दुसरे दिवशी प्रातःकाळी मातुश्रींनी दारात पोळ्या मांडिल्या. जानसाचे नाव घेतले, फळीच्या देवाचे घेतले, उंबऱ्याच्या देवाचे घेतले, कार्देआचे दोनदा घेतले. मग राहिलेली शेवटची पोळी हातात धरून, कोणी सुटू नये म्हणोन रीतीप्रमाणे बोलिल्या, "आणि जिनं खरोखर हे दार उघडलं, तिचं नाव काहीही असो, तिनं यावं आणि हे घ्यावं."

आतून, चुलीपाशी राख काढीत असलेल्या सूनबाईंचा आवाज आला, "आले, सासूबाई."

मातुश्रींनी ते दुरुस्त केले नाही. ती पोळी दोघींनी उंबऱ्याच्या आत बसून निम्मी निम्मी खाल्ली, आणि गाढव मान पुढे करून उभे होते, त्यास तुकडा दिला नाही.

येणेप्रमाणे मिंतुर्ने येथील द्वार फत्ते जाहले. कामी आले ते अक्रोडांचे पोते, एक कडी, आणि हौदात बुडालेली कुऱ्हाड, जी अद्याप सापडली नाही. जखमी जाहले ते बासरीवाल्याचे कपाळ आणि काकांचे नाक. दार आजही पावसाळी हवेत कुरकुरते, तेव्हा घरातील दोघी बायका कामावरून मान वर न करता एकदमच म्हणतात, "चरबी." शेवटचे नमन चुलीची देवी वेस्ता इजला, जिचे नाव नेहमी शेवटी घ्यावे, कारण सर्व वाटा दारातून सुरू होतात आणि चुलीपाशी संपतात.