मास्तरांची नजर आणि आठवड्याची सुई

मास्तरीणबाईंनी गोष्ट पोटात ठेवायची ठरवली की ती पोटातच राहायची. आणि त्या पोटात जागेची टंचाई कधीच नव्हती!

"आपल्या दोघींशिवाय या भिंतींनाही कळता कामा नये," असं त्यांनी सुनेला बजावलं, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पोट पुढे केलं. सुनेने ते पेनासारखं दिसणारं इंजेक्शन टेकवलं. खटक! झालंसुद्धा.

"आई, दुखलं का?"

"मला? मुंगीला विचार, ती चावली असती तर तिचे दात दुखले असते."

हौस म्हणून हे चाललं नव्हतं. गुडघे दाराच्या बिजागऱ्यांसारखे कुरकुरत होते, झोपेत श्वास अडकत होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून वजन उतरवायची, आठवड्याला एक अशी सुई लिहून दिली आणि वर सांगितलं, "आजी, हे चार दिवसांचं काम नाही. बीपीच्या गोळीसारखं समजा. मनाने बंद केलंत की वजन परत हजर!"

मग लपवायचं कशाला? तर त्याला कारण त्यांचीच जीभ. गेल्या वर्षी नणंदेने हेच औषध सुरू केलं, तेव्हा भरल्या घरात मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, "सुई टोचून बारीक व्हायला तू काय फुगा आहेस?" सगळे पोट धरून हसले होते. नणंद हसली नव्हती. आता कोणत्या तोंडाने सांगणार!

आणि दुसरं कारण म्हणजे त्यांचे यजमान, शिंपी मास्तर. मास्तर कोट शिवायचे. दुकानात टेप होता, पण तो गळ्यात मिरवायला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मास्तर डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "छाती बेचाळीस, डावा खांदा उतरता. बसा." कधी बोटभर फरक नाही! दर हिवाळ्यात बायकोचा नवा कोट ते असाच नजरेने कापायचे. तो घालून मास्तरीणबाई बाजारातून निघाल्या की बंदरात जहाज शिरल्यासारखं वाटायचं. लोक वळून बघायचे आणि दुकानाचा पत्ता विचारायचे. अशी चालती पाटी बारीक होतेय, हे मास्तरांना सांगणार कसं?

सैल झगे, वर शाल, त्यावर आणखी एक शाल. उन्हाळा घामात गेला, पण निभावलं. हिवाळा आला आणि नवा कोटही आला.

मास्तरांनी तो दुकानात, नेमका नणंदेच्या समोर, बायकोच्या अंगावर चढवला. कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबला! आत अजून एक बाई मावली असती.

मास्तरांच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

"अगं... हे काय झालं?"

नणंद टक लावून बघत होती. खरं बोलायची हीच वेळ होती. पण मास्तरीणबाईंची जीभ सवयीने पुढे धावली, "मला काय विचारता? कापताना डुलकी लागली होती का? म्हातारे झालात!"

मास्तरांनी कोट उतरवून घेतला आणि ते नुसती त्याची घडी करत बसले. उलगडायचे, पुन्हा घडी करायचे.

मास्तरीणबाई ते बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेला तीन टॉवेल आणि छातीशी उशी बांधली, कोट चढवला आणि दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"बघा! बसला की झकास! काल मीच वाकडी उभी होते."

मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "काल सैल होता. आज घट्ट. म्हणजे माझे डोळे रोज वेगळं दाखवायला लागले!"

झालं! औषध उलटंच लागू पडलं. सुनेने मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भिंतीवरची सगळी अक्षरं त्यांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. डॉक्टर म्हणाले, नंबर आहे तोच आहे. मास्तर घरी येऊन म्हणाले, "अक्षरं कळतात. माणसं कळेनाशी झालीत."

मग त्यांनीच आपल्या मनाशी उपाय काढला. आपली नजर माणसाला फुगवून दाखवते ना? मग दिसेल त्यापेक्षा दोन बोटं कमी कापायचं! बँकेतल्या साहेबांचा कोट असा झाला की त्यांना सही करायला हात पुढे नेता येईना. आणि बँडच्या म्होरक्याने तर भर चौकात, लोकांसमोर, कर्ण्यात फुंकर मारायला छाती भरून श्वास घेतला आणि वरचं बटण सुटलं ते थेट ढोलावर! ढोलवाल्याला वाटलं इशारा झाला. त्याने जोरात बडवायला सुरुवात केली, बाकीचे त्याच्यामागे, आणि म्होरक्या मध्यभागी कोट धरून ओरडतोय, "थांबा! थांबा!"

सगळं गाव हसलं. मास्तर तिथेच गर्दीत उभे होते. ते एकटेच चालत घरी आले.

संध्याकाळी दुकानात त्यांनी मोठी कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळली. सुनेला म्हणाले, "उद्या पाटी उतरवून घे गं. चांगलं नाव आहे तोवर उठलेलं बरं."

कात्री गुंडाळणारे ते हात मास्तरीणबाईंना बघवेनात. त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं. शाल काढली, दुसरी शाल काढली, टॉवेल सोडून मेजावर टाकले.

"अहो, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी बारीक झालेय. सुई घेते दर आठवड्याला. खोटं मी बोलले, आणि बोल तुम्हाला लावला."

मास्तरांनी मेजावरचा एक टॉवेल उचलला. म्हणाले, "किती दिवस?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि मी शेजारी झोपतो." ते स्टुलावर बसले. "गादी तुझ्या बाजूला खचेनाशी झाली, तर मी कापसाचं कौतुक करत होतो! अगं, तुझा कोट मी तुझ्याकडे बघून कापलाच नाही. तू पाठ आहेस म्हणून कापला."

मास्तरीणबाई उजेडात जाऊन उभ्या राहिल्या.

"मग आता बघा ना," त्या म्हणाल्या. "नजर शाबूत आहे तुमची. सांगा माप!"

मास्तर उठले. दाराशी जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

"छाती चाळीस. कंबर छत्तीस! लाव टेप."

मास्तरीणबाईंना शाळेने फार काही दिलं नव्हतं, पण आकडे दिले होते. त्यांनी आपल्या हाताने कमरेला टेप लावला. त्यांनी खाली बघितलं. पुन्हा बघितलं. श्वास घेऊन पोट होतं तेवढं फुगवलं, तरीही टेप बत्तिसाच्या पुढे जाईना. छातीचंही तसंच.

कोट पाठ असल्याने चुकला होता, हे खरं. पण या वेळी मास्तरांनी अगदी निरखून बघितलं होतं. नजर खरंच ढळली होती; कधी कमी दाखवायची, कधी जास्त.

"काय गं? किती?" मास्तर लहान मुलासारखे विचारत होते.

मास्तरीणबाईंनी टेप झटकन गुंडाळला.

"बरोब्बर छत्तीस! या वयात कसली मेली नजर आहे तुमची, दृष्ट लागेल!"

मास्तर हसले. कात्री फडक्यातून बाहेर आली. कापडावर खडू सरसर फिरू लागला. गिऱ्हाइकांची मापं उद्यापासून टेपने कशी काढायची, तेही मास्तरांना न दुखवता, याचा विचार त्या आणि सून मिळून करणार होत्या. पण या कोटाचं काय? तो तर सैल होणारच. आणि पुढच्या वर्षीचा? त्याच्या पुढचा?

मग त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि जीव भांड्यात पडला. सुई कायमची होती! कोट कितीही लोंबला तरी दोष सुईचाच, नजरेचा नाही.

"जरा सैलच ठेवा," त्या खाली बघत म्हणाल्या. "माझा काही भरवसा नाही आता."