हरवल्यास आईला फोन करा

बिट्टीच्या आईच्या घरात काही हरवत नाही. हरवूच शकत नाही! बालवाडीचा डबा, बाटली, मोजे, छत्री, प्रत्येकावर लेबल: ‘बिट्टी, मधमाशी गट. हरवल्यास आईला फोन करा’ आणि खाली नंबर. लेबलंही साधीसुधी नव्हेत. उकळा, धुवा, पिळा, ढिम्म हलत नाहीत. एखाद्या दिवशी मलाही चिकटवशील, असं नवरा म्हणायचा.

अशी बाई अर्जात चूक करेल? स्वादुपिंडाचा कर्करोग कळतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. तो रक्ताच्या चार थेंबांत लवकर पकडायची तिची कल्पना प्रयोगशाळेतल्या थोरामोठ्यांनी हसण्यावारी नेली होती. आता उरली होती एकच धर्मादाय संस्था. ती अशा जगावेगळ्या कल्पनांना अनुदान देई, आणि मोठी नावं बघून परीक्षक भुलू नयेत म्हणून अर्ज निनावी मागवी. नाव, नंबर, काहीही दिसलं की अर्ज बाद. तिने आठ परीक्षकांसाठीच्या आठही प्रती सात-सात वेळा तपासल्या, आठ फोल्डरांत घातल्या आणि शेवटच्या दिवशी दुपारी नेऊन दिल्या.

घरी आली तर सासूबाई म्हणाल्या, लेबलं संपत आली गं, नवीन मागव. परवाच तर आणली होती!

बिट्टी पुढे झाली. “सकाळी तू चपला शोधत होतीस ना, तेव्हा मी तुझ्या सगळ्या वह्यांना मागून लावली. हरवू नयेत म्हणून.”

आईने चपला पुन्हा पायात सरकवल्या. ती आल्या पावली निघाली. दारात बिट्टीने घट्ट मिठी मारली, पाठीवर चांगलं थोपटलंसुद्धा. एवढीशी पोर, पण केवढी समज! तिला भरून आलं.

संस्थेच्या कचेरीत कारकूनकाका कपाटाला कुलूप घालण्याच्या बेतात होते. तिला एक अर्ज बघायचा होता. कोणता? सांगता येत नाही. कोणाचा? तेही सांगता येत नाही. मग काय, तेवीसच्या तेवीस अर्जांच्या पाठी बघायच्या आहेत का, असं काकांनी वैतागून विचारलं. चालेल, असं ती घाईघाईने म्हणाली.

काकांनी गठ्ठे उलटे केले. एका पाठीवर थबकले. वाचलं. मग शांतपणे टेबलावरचा फोन उचलून नंबर फिरवला.

तिची पर्स बिट्टीच्या आवाजात किंचाळू लागली, “आई, फोन घे! आई, फोन घे!” आईने छताचा पंखा आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखा निरखला. पर्स नऊ वेळा ओरडून थकली.

“कोणी उचलत नाही,” काकांनी फोन ठेवला. ओळख परीक्षकांना कळू नये असा नियम आहे, आणि आपण काही परीक्षक नाही, असं पुटपुटत त्यांनी आठ कोरे फोल्डर काढले. पाचची मुदत संपायला दहा मिनिटं होती. दोघांनी मिळून कागद नव्या फोल्डरांत घातले.

“माझ्या ताईचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता,” ते मान वर न करता म्हणाले.

तिने फोल्डरांचा गठ्ठा एकसारखा केला. निघताना कसंबसं विचारलं, अर्ज कोणाचा ते तुम्हाला फोन वाजल्यावरच कळलं ना?

“छे. तुम्ही दार लावायला वळलात तेव्हाच.”

त्यांनी तिच्या पाठीवर आधी नख लावून पाहिलं, मग पट्टी. “हे निघत नाही हो.”

“नाहीच निघणार,” ती म्हणाली, आणि तेवढ्यातही तिचा आवाज किंचित ताठ झाला. “मी निवडून आणलंय.”