कानाने शिजवणारे टिपणीस काका

टिपणीस काका भाजी कानाने शिजवायचे.

म्हणजे कढईवर झाकण ठेवायचं, मान वाकडी करायची आणि गॅरेजमधला मेकॅनिक इंजिन ऐकतो तसं उभं राहायचं. मध्ये कुणी तोंड उघडलं की हात वर. "थांब, वांगं बोलतंय." वांगं काय बोलायचं ते त्या दोघांनाच ठाऊक. मग एकदम चेहरा खुलायचा, "हो म्हणालं," आणि स्टोव्ह बंद. वांगं नेमकं शिजलेलं असायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार मिठाची होती.

मी तेव्हा अमेरिकेत ॲन आर्बरला पब्लिक हेल्थ शिकत होते. माझ्या सॅकमध्ये पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असायची. इराकच्या युद्धाविरुद्ध, शेतातल्या विषारी फवारणीविरुद्ध, टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांच्या पिळवणुकीविरुद्ध. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हा माझा धर्म. काका मला 'पुढारीणबाई' म्हणायचे. ते विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये प्रयोगशाळांचे व्हॅक्यूम पंप दुरुस्त करत. पंप न उघडता, नुसता ऐकून सांगत, बेअरिंग गेलंय की तेल. मूळचे महाडचे. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हा त्यांचाच शब्द, बसमध्ये छत्री राहून गेल्यासारखा उच्चारलेला.

दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे मराठी पोरापोरींना जेवण असायचं. निमंत्रण नाही, फोन नाही. यायचं, बूट काढायचे, ताट घ्यायचं. आणि घास तोंडात गेला की एकमेकांकडे बघायचं. कारण एका रविवारी आमटी थेट अरबी समुद्राची, तर पुढच्या रविवारी हॉस्पिटलातली. पोरं बर्गरच्या दुकानातून मिठाच्या पुड्या उचलून आणायची. टेबलाखालून त्या पुड्या परीक्षेतल्या चिठ्ठ्यांसारख्या फिरायच्या.

मी सरळ विचारलं, "काका, चाखून का बघत नाही?"

तर म्हणाले, नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं करायचं नाही, आमच्या घरची रीत आहे.

आता बघा. या माणसाच्या घरात देव म्हणजे मायक्रोवेव्हवर चिकटवलेला एक अंगठ्याएवढा गणपती. संकष्टी कधी असते याचा पत्ता नाही. कोळंबी सगळे वार चालते. पण चाखायची वेळ आली की एकदम सोवळं. माझं डोकं फिरलं. मी एक पानी पत्रक लिहिलं, 'चाखणे हा स्वयंपाक्याचा हक्क आहे', आणि त्यांच्या फ्रीजवर लावलं. रूढी, तिने मारलेली जीभ, सगळं त्यात होतं. काकांनी ते वर्कशॉपमध्ये नेऊन लॅमिनेट करून आणलं आणि कौतुकाने परत तिथेच लावलं. चाखलं मात्र नाही.

कॉलेजगावाची स्मरणशक्ती दोन वर्षांची असते. पोरं येतात, डिग्री घेतात, टेक्सासला नाहीतर न्यू जर्सीला जातात. आधीच्या एका सीनियरने मला फोनवर सांगितलं होतं, की काकांच्या हातची कोळंबीची खिचडी खाल्ली की आईची आठवण येणं बंद होतं. आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. खरं-खोटं सांगायला गावात जुनं कुणी उरलंच नव्हतं.

मग गावात एक बुफे निघाला. रविवारची गर्दी पातळ होत गेली. कुणाला असाइनमेंट, कुणाला डोकेदुखी. काकांनी पातेलं मात्र लहान केलं नाही. एका रविवारी जेवायला मी एकटीच होते. काका दारातल्या बुटांच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "पोरं का येत नाहीत गं?"

मी डीनला त्याच्या केबिनमध्ये सुनावून आलेली मुलगी. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, त्याच त्या भाज्यांना कंटाळली असतील.

"मग नवीन काहीतरी शिकायला हवं," काका म्हणाले, आणि माझ्या सॅकमधून बाहेर डोकावणारं एक गुलाबी पत्रक ओढून काढलं. गावाबाहेरच्या एका ऑर्गॅनिक फार्मवर शनिवारी बाली बेटावरच्या पारंपरिक स्वयंपाकाचा क्लास होता. मला तिथे फवारणीविरोधी पत्रकं वाटायची होती आणि तिकडे बस जात नव्हती. काकांकडे गाडी होती.

रस्ताभर काका स्वप्नं बघत होते. बाली म्हणजे नारळ, नारळ म्हणजे आपलं घरच. पोरांना सांगायचं, या रविवारी इंडोनेशिया. येतील की नाही? मी म्हटलं, येतील.

क्लास लाल रंगाच्या जुन्या कोठाराच्या मागच्या स्वयंपाकघरात होता. शिकवणारी बाई बालीची, शेतमालकाची बायको. नाव मादे. तिने सांगितलं, आमच्याकडे दुसऱ्या नंबरच्या अपत्याचं नाव बहुधा हेच असतं, रस्त्यात हाक मारली तर अर्धं गाव वळून बघेल. काकांना हे फार आवडलं. ते तिला लगेच मादेताई म्हणायला लागले आणि तीही ओ देऊ लागली. बाकीचे सगळे अमेरिकन, कोरे एप्रन घातलेले.

मादेताईंनी मसाल्याचं सामान मांडलं. हळदीची बोटं, लसूण, छोटे लाल कांदे, मिरच्या, गवती चहा, आणि आल्यासारखं दिसणारं गलांगल. हे शेवटचं फ्रोझन पाकिटातून निघालं. मी हात वर केला. स्थानिक अन्नाचा एवढा पुरस्कार करणाऱ्या फार्मवर हे इतक्या लांबून आणलेलं कसं चालतं? त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पण तिथूनच आलेय." वर्ग हसला. काका सगळ्यात जास्त.

मग त्यांनी तेरासी काढली. वाळवलेल्या, आंबवलेल्या कोळंबीची काळपट वडी. ती आधी भाजून घ्यायची असते. आपल्याकडचा जवळा भाजताना शेजारी खिडक्या लावून घेतात, त्याच्या दहापट समजा. तव्यावर पडली मात्र, सगळा वर्ग एप्रन नाकाला लावून बाहेर भोपळ्यांच्या वाफ्यात. महाराष्ट्राची अब्रू म्हणून मी दारापर्यंत टिकले, मग मीही गेले.

काका तव्याशेजारी उभे. डोळ्यांतून धुराचं पाणी येतंय आणि चेहऱ्यावर काही नाही. वडी उलटताहेत, कान देताहेत. "ये गं आत," मला म्हणाले, "काय झालं सगळ्यांना?"

परत आल्यावर लोकांनी त्यांचं कौतुक केलं, शूर वगैरे. मादेताई हसल्या नाहीत. त्या काकांकडे बघत राहिल्या.

पुढे सगळा मसाला उथळ दगडी खलात कुटून तेलात परतायचा होता. काकांनी मान वाकडी केली. त्यांच्या कढईतल्या लसणीचा तळाला जळका वास सुटला, मला तीन ओट्यांवरून आला, आणि काका सांगत होते, "अजून बोलतोय, दम धरा." मादेताईंनी कढई उचलून बाजूला ठेवली. मग सगळ्यांना चमचे दिले, चाखा म्हणाल्या. काकांनी चमचा परत केला आणि आपलं नेहमीचं सांगितलं, देवाला दाखवल्याशिवाय आम्ही चाखत नाही.

देवाची गोष्ट त्या बाईला नवी नव्हती. चुलीजवळ, दाराजवळ पानाच्या तुकड्यांवर भात ठेवायला त्यांनी ते तुकडे कापूनच ठेवले होते. मान हलवून त्यांनी विचारलं, "आणि देवाला मीठ कमी पडलं तर?"

मी टाळी वाजवणार होते. माझ्या अख्ख्या पत्रकात एवढं नेमकं वाक्य नव्हतं. पण काकांचा चेहरा बघितला आणि हात तसाच राहिला.

मादेताईंनी कुंडीतल्या लिंबाच्या झाडाचं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि काकांच्या नाकाशी धरलं. त्या वासाने माझ्या तोंडाला लांबूनच पाणी सुटलं.

"हे काय आहे?"

काकांनी नीट निरखून बघितलं. "पान," ते म्हणाले.

मादेताईंनी पान खिशात टाकलं. वर्गाकडे वळून त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या. आज आपण लावार करायचंय, चिरलेली फरसबी, खोबरं आणि हा मसाला. आमच्या गावात सणाचं लावार पुरुष करतात, पहाटे ओळीने बसून. माझे वडील मिसळायचे. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. ते स्वतः कधी चाखायचे नाहीत, शेजाऱ्याच्या हातावर द्यायचे. मिसळणारा वेगळा, सांगणारा वेगळा. "तुम्ही मिसळा," त्या काकांना म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट केलं, "ती सांगेल. तिला मतं भरपूर आहेत."

काकांनी बाह्या सरसावल्या. मी सांगत गेले, मीठ, अजून थोडं, लिंबू. त्यांनी फरसबी आणि नारळ असं काही कालवलं, की शेजारच्या ओट्यावरचे लोक वाटी घेऊन आले.

परतीच्या वाटेवर काका गाडी सावकाश चालवत होते. दोन्हीकडे कापणी झालेली मक्याची शेतं होती. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, तू येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना पडलो. डोक्याची मागची बाजू आपटली. वास गेला, आणि त्याच्यामागोमाग चव. मीठ आहे एवढं जिभेला पुसट कळतं, किती आहे ते नाही. डॉक्टर म्हणाला, येईल परत. नाही आला. मग गॅस काढून इलेक्ट्रिक स्टोव्ह घेतला. कान शाबूत होते, त्यांच्यावर काम चालवलं.

मी भडकले. वासावाचून माणूस एकटा राहतो, दूध नासलेलं कळणार नाही, धूर कळणार नाही, आणि हे नैवेद्याच्या आड लपतात. सांगितलं का नाही कुणाला?

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? काका, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही पिझ्झा मागवतो." त्यांनी गाडी सिग्नलला थांबवली. "आणि पिझ्झा खायला माझ्याकडे कशाला याल?"

सिग्नल हिरवा झाला.

"यावर पत्रक काढायचं नाही, पुढारीणबाई," ते म्हणाले. आज लिहितेय ते त्यांना विचारून. लिही म्हणाले, पण मला फार बिचारा करू नकोस.

त्या आठवड्यात मी कामाला लागले. माणसं जमवणं हेच तर माझं शिक्षण. लायब्ररीत, बसस्टॉपवर, लॅबच्या जिन्यात, जो मराठी दिसेल त्याला धरलं. 'आणि मीठ?' म्हणून पोरं हसली. मी म्हटलं, मिठाची जबाबदारी माझी. नाही आलात तर तुमच्या लॅबमध्ये येऊन धरणं धरीन. मला ओळखणाऱ्यांना ती नुसती धमकी वाटली नाही.

रविवारी मी लवकर गेले. ओट्यावर फरसबी चिरून तयार, अगदी मोहरीएवढी बारीक. काकांनी मोठं पातेलं काढलं होतं आणि मधूनमधून घड्याळाकडे बघत होते. मसाला परतताना मी वासावर होते, ते आवाजावर. लसूण सोनेरी झाल्याचं दोघांनाही एकदमच कळलं, आणि काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्यांना बरोबरीचा कारागीर भेटला.

मग बाह्या वर करून कालवायला घेतलं. चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं.

"बोल."

"मीठ कमी."

त्यांनी मीठ घातलं, पुन्हा कालवलं, पुन्हा ठेवलं.

"आता?"

"बरोबर."

पुढचं चिमूटभर आलं नाही. काका पातेल्यात हात तसेच ठेवून उभे राहिले. नंतर हळूच, जसं काही उसनं मागताहेत अशा आवाजात म्हणाले, "बरोबर म्हणजे कसं लागतं गं?"

इतकी वर्षं मी शब्दांवर जगले. ज्वलंत, धगधगतं, निर्णायक. यातला एकही शब्द फरसबीच्या कामाचा नव्हता. मी अजून एक घास घेतला, डोळे मिटले.

"आधी खोबरं लागतं," मी म्हटलं. "गोडसर, ओलं. लगेच नाही कळत, चावल्यावर कळतं."

काकांनी एक घास तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागले. "हं."

"मग मिरची. पण पुढे नाही लागत, घशाशी लागते, मागून. आणि हळद थोडी मातीसारखी. पाऊस न पडलेल्या मातीसारखी."

"हं. आणि ती वडी? भाजलेली?"

"ती वेगळी नाही लागत, काका. ती सगळ्याच्या खालून आहे. महाडच्या तुमच्या घरी सोड्यांचा डबा उघडल्यावर..."

बेल वाजली. बाहेर बर्फाचे बूट पायरीवर आपटल्याचे आवाज, एकाचे नाही, बऱ्याच जणांचे, आणि कुणीतरी मोठ्याने विचारलं, काका, आहात ना?

मी दाराकडे निघाले. काकांनी नारळाने माखलेल्या हाताने माझी बाही धरली. डोळे मिटलेले, जबडा हलत होता.

"थांबू दे त्यांना जरा," ते म्हणाले. "डबा उघडल्यावर काय?"