बसलिंगप्पांच्या गॅरेजचा बंदोबस्त

बसलिंगप्पांच्या गॅरेजमधून स्वतःची सायकल काढायची म्हणजे आधी डावा पाय आत टाकावा लागे. उजवा टाकला की जर्मनच्या ताटल्यांची उतरंड अंगावर कोसळे. डावा टाकला तरी मान खाली घालावी लागे, कारण वर सुतळीला बैलांच्या गळ्यातल्या घंटा टांगलेल्या असत. दाराच्या कुलपाची किल्ली उलटी फिरवायची. सरळ फिरवली की ती आत अडकून बसे.

"कळ्ळ सरळच फिरवणार की," बसलिंगप्पा समजावून सांगत.

कळ्ळ म्हणजे कानडीत चोर. त्यांचं घरातलं बोलणं कानडी, गल्लीतलं मराठी, आणि चोराचा विषय निघाला की दोन्ही मिसळून.

मी मूळचा केमचा. दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून म्हणून सोलापुरात आलो आणि बसलिंगप्पांच्या घरासमोरच वरच्या मजल्यावर खोली घेतली. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. गाव विचारलं, आणि पहिल्या दिवसापासून मी 'केमवाले' झालो.

ते गिरणीतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एकटेच, स्वतः भाकरी थापत, शेंगाचटणीबरोबर खात, आणि हात धुतले की गॅरेजकडे वळत. गॅरेज त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. आडत दुकान जोरात चाललं तेव्हा मोटार घ्यायची म्हणून त्यांनी आधी गॅरेज उभारलं. मोटार यायच्या आत दुकान बसलं. तेव्हापासून पत्र्याची ती मोठी खोली मोटारीची वाट बघत रिकामी पडली होती.

मग गल्लीतल्या जोशी मास्तरांची सायकल चोरीला गेली. भर दुपारी, अंगणातून. सोलापुरात उन्हाळ्याची दुपार म्हणजे सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं. रस्त्यावर माणूस नाही, लिंबाचं पान हलत नाही, लांबून कुठूनतरी मागांची खटखट येत राहते आणि तिच्यावरच झोप तरंगते. असल्या दुपारी कुणी हत्ती नेला असता तरी कळलं नसतं. मास्तरांनी नवी सायकल आणली तेव्हा बसलिंगप्पा म्हणाले, "माझ्याकडं ठेवा. अख्ख्या गल्लीच्या ठेवा. बंदोबस्त मी बघतो."

बंदोबस्त ते खरोखरच बघू लागले. सगळ्या सायकलींच्या चाकांतून त्यांनी एकच लांब साखळी ओवली. ज्याची ड्यूटी लवकर त्याची सायकल दाराशी, ज्याची उशिरा त्याची आत. मास्तरांची सकाळची शाळा, म्हणून ते पहिले. एकदा मास्तर तापानं पडले आणि साखळीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच जानव्याला. त्या दिवशी निम्मी गल्ली कामावर चालत गेली.

"चोराच्या डोक्यानं विचार करायला पायजे," असं ते म्हणत, आणि नुसतं म्हणत नसत. एका दुपारी तोंडाला टॉवेल गुंडाळून ते मास्तरांच्या घरात शिरले. माठातलं पाणी प्यायले, झोपाळ्यावर बसले. कडी करकरली तशा मास्तरांच्या बायकोला जाग आली. त्यांनी हातात आलं ते उचललं; ते लाटणं निघालं.

"वहिनी, मीच हाय," टॉवेल खाली घेत बसलिंगप्पा म्हणाले. "पण मी नसतो तर? दार सताड उघडं हाय तुमचं."

"अप्पा, चहा घेणार का?" वहिनींनी लाटणं खाली ठेवत विचारलं. त्यावर ते थोडे हिरमुसले. चोराला कुणी चहा विचारत नाही, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

असंच एकदा ऑफिसातून परतलो तर गॅरेजमधून घंटांचा आवाज येत होता. रोजचीच तपासणी समजून गल्लीत कुणी लक्ष दिलं नव्हतं. बाहेरचं कुलूप उघडंच लटकत होतं. आडण्याची, म्हणजे दाराच्या आतल्या अडसराची, सुतळी ओढली, डावा पाय टाकला, मान खाली घातली. आत बसलिंगप्पा. बंदोबस्त आतून कसा दिसतो ते बघायला गेले होते आणि आडणा स्वतःहून पडला होता. तो बाहेरून सुतळी ओढूनच उचलावा लागे. दुपारभर ते कोंडलेले.

"पक्का हाय," ते शांतपणे म्हणाले. "आतनंबी सुटका न्हाय."

मी हसलो, पण हसणं अर्ध्यातच थांबलं. पत्र्याला बारीक बारीक भोकं होती आणि त्यांतून उतरतं ऊन आत सांडलं होतं. जमिनीवर, हँडलांवर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर उजेडाचे ठिपके हळूहळू सरकत होते. धूळ हवेत तरंगत होती. आणि सगळ्यात आतल्या कोपऱ्यात ते एका लेडीज सायकलीपाशी उकिडवे बसून तिची रिम पुसत होते. ती सायकल मी आधी पाहिलीच नव्हती. तिच्यावर कायम पोतं असे.

"शांताची," ते म्हणाले. "माझी पोरगी. चालवायला मीच शिकिवली. पार्कच्या मैदानावर मागनं पळायचो." फडकं झटकून त्यांनी पुन्हा पोतं टाकलं. "माग चालवणाऱ्या साळ्याच्या पोराशी लग्न केलं तिनं. मी न्हाय म्हणालो होतो. तवापासनं ती हितं आली न्हाय, मी तितं गेलो न्हाय. सायकल न्हे म्हणून निरोप पाठवला असता, पण कुणी पाठवायचा, हाच प्रश्न हाय बघा."

शांताबाई मला माहीत होत्या; त्या बसलिंगप्पांची मुलगी, एवढंच माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसाशेजारच्या प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. शाळा सुटल्यावर पूर्व भागातल्या सासरी, मागांच्या त्या वस्तीत, भर उन्हात चालत जाताना मी त्यांना रोज पाहत असे. नाव कळल्यावर दुवा जुळला, आणि मी सहज हे बसलिंगप्पांना सांगून टाकलं.

"चालत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"डोक्यावर छत्री असती का?"

"पदर असतो."

त्यांनी पोतं पुन्हा एकदा सारखं केलं. काही दिवसांनी सकाळी ते माझ्या सायकलीचं हँडल धरून उभे राहिले. "केमवाले, येत्या शनिवारी दुपारी मी अक्कलकोटला जाणार हाय. गॅरेजला नुसती कडी असंल. आतलं सगळं सोडून ठेवणार हाय मी, तेल घालायला."

"बरं," मी म्हणालो.

"शांता दिसली तर हे सांगू नका."

"नाही सांगत."

"सांगू नका. पण मी जाणार हाय." हँडल अजून त्यांच्या हातातच होतं. "नुसती कडी असंल."

मी त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी थांबलो. शांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अप्पांनी बोलावलंय का मला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला सांगू नका म्हणालेत."

त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "अजून तसंच हाय का त्यांचं," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शनिवारी अर्ध्या दिवसानं मी खोलीवर आलो. बसलिंगप्पा पिशवी घेऊन, मला ऐकू जाईल अशा आवाजात खोकत, स्टँडच्या दिशेनं गेले. थोड्या वेळानं मागच्या बोळातून परत आले असावेत, कारण त्यांच्या खिडकीच्या गजावर मला चार बोटं दिसली. गल्ली झोपली होती. ऊन इतकं पांढरं होतं की समोरचं घर विरघळल्यासारखं दिसत होतं. त्या पांढऱ्या उजेडातून शांताबाई आल्या. कडी काढली. घंटा वाजल्या नाहीत. नंतर बघितलं तर प्रत्येकीत चिंधी कोंबलेली होती. ताटल्या भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या.

बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात सायकल होती आणि दुसऱ्या हातानं त्या डोळे पुसत होत्या. कडी त्यांनी परत लावली. थोडं ढकलत नेऊन पायडलवर पाय ठेवला, जराशा डगमगल्या आणि वळणावरून दिसेनाशा झाल्या. गजावरची बोटं तशीच होती.

सोमवारी मास्तरांनी रिकामा कोपरा पाहिला आणि गल्ली गोळा केली. "पोलिसांत तक्रार द्यायला हवी," मास्तर म्हणाले.

"काय देऊ? चोरानं जाताना कडी लावली म्हणून?" बसलिंगप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही कुलूपच घातलं नव्हतं?"

"न्हाय घातलं."

गल्लीनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सायकली आपापल्या घरी नेल्या. कुणी वाईट बोललं नाही, पण पूर्वीसारखं कुणी थांबतही नसे. माझी तेवढी तिथंच राहिली. खरं काय ते मला सांगता आलं असतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली, म्हणून गप्प बसलो. संध्याकाळी त्या भल्यामोठ्या रिकाम्या गॅरेजमध्ये ते माझ्या एकट्या सायकलीला साखळी घालताना दिसत.

पाऊस लांबला होता त्या दिवसांतली गोष्ट. रविवारी दुपारी मी गॅरेजच्या उंबऱ्यावर बसलिंगप्पांशी बोलत बसलो होतो. तेवढ्यात एक तरुण तीच लेडीज सायकल हातानं ढकलत आला. सदऱ्याला सुताचे धागे चिकटलेले. पुढचं चाक बसलेलं.

"पंक्चर झालंय," तो म्हणाला. "दुकानं बंद होती."

वाटेत पंक्चरची दुकानं बरीच होती आणि रविवारी ती उघडी असत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बसलिंगप्पा सायकलीकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. "बर्री," ते म्हणाले. या, असं. कानडी त्याला कळत होतं की नाही कुणास ठाऊक, पण तो आत आला.

बसलिंगप्पांनी घमेल्यात पाणी आणलं. तरुणानं टायर सोडवून ट्यूब काढली. दोघं समोरासमोर उकिडवे बसले, ट्यूब पाण्यात बुडवून हळूहळू फिरवू लागले. पत्र्यातले उजेडाचे ठिपके पाण्यावर थरथरत होते. मग एका जागी बारीक बुडबुडे वर येऊ लागले आणि बसलिंगप्पांनी तिथं बोट दाबलं.

"एकटाच आलास?" पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

"न्हाय. ती वळणावर थांबलीय."

"सावली हाय का तितं?"

"न्हाय."

बसलिंगप्पांनी त्याचा हात धरला, त्याचं बोट भोकावर ठेवलं. "दाबून धर. सोडू नको," म्हणाले, ओले हात धोतराला पुसले, आणि अनवाणीच तापलेल्या रस्त्यावर उतरले.